बीएमसीला आधी बोलतं करा

या महिन्याच्या टपालात सर्व्हरच्या रिमोट मॅनेजमेंट कंट्रोलरबद्दल, म्हणजे बीएमसीबद्दल, इतके प्रश्न आले की बाकीची पत्रं पुढच्या अंकासाठी ठेवली आहेत. आज्ञा इथे देवनागरीत छापल्या आहेत. टर्मिनलवर त्या इंग्रजी लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायच्या. कॅपिटल लागेल तिथे तसं सांगितलं आहे.

प्रश्न: ताई, आमच्या रॅकमधल्या एका सर्व्हरच्या मॅनेजमेंट पोर्टला केबल लावलेली आहे, पण त्याला कुठला आयपी दिलाय हे कुणालाच ठाऊक नाही. ज्यांनी तो बसवला ते नोकरी सोडून गेले. लिनक्स चालू आहे, रूटचा पासवर्ड माझ्याकडे आहे, पण रीबूट करून बायोसमध्ये जायची परवानगी मिळत नाही. चालू सर्व्हरवरूनच हे सेट करता येईल का?

उत्तर: येईल, आणि रीबूट अजिबात लागणार नाही.

बीएमसी हा मदरबोर्डवरचा वेगळा, छोटा संगणक आहे. त्याचा प्रोसेसर वेगळा, मेमरी वेगळी, फर्मवेअर वेगळं, मॅक ॲड्रेससुद्धा वेगळा. सर्व्हर बंद केला तरी पॉवर केबल लागलेली असेपर्यंत तो स्टँडबाय पॉवरवर जागा असतो. डेल त्याला आयड्रॅक म्हणते, एचपीई आयएलओ म्हणते, लेनोवो एक्सक्लॅरिटी कंट्रोलर म्हणते. सुपरमायक्रोच्या बोर्डांवर लोक नुसतं आयपीएमआय म्हणून मोकळे होतात. आयपीएमआय हे खरं तर या सगळ्यांशी बोलायचं सामाईक स्पेसिफिकेशन. इंटेल, डेल, एचपी आणि एनईसी यांनी ते १९९८ मध्ये आणलं. आज वापरात असलेली २.० आवृत्ती २००४ ची आहे.

त्याच्यापर्यंत पोचायचे मार्ग दोन. एक नेटवर्कवरून, तिथे बीएमसीचा यूजर आणि पासवर्ड लागतो. दुसरा आतून, चालू ऑपरेटिंग सिस्टिममधून, मदरबोर्डवरच्याच केसीएस नावाच्या इंटरफेसवरून. इथे बीएमसीचा पासवर्ड विचारलाच जात नाही, तुम्ही रूट असलात की पुरे. तुमचं सगळं काम या आतल्या मार्गाने होणार आहे.

‘आयपीएमआयटूल’ हे पॅकेज टाका. जवळपास प्रत्येक डिस्ट्रिब्यूशनमध्ये ते याच नावाने मिळतं. मग ‘आयपीएमआयटूल एमसी इन्फो’ चालवा. फर्मवेअरची आवृत्ती आणि उत्पादकाचं नाव दिसलं तर संपर्क झाला. डिव्हाइस उघडता आलं नाही असा संदेश आला तर कर्नलचे ड्रायव्हर चढलेले नाहीत. ‘मॉडप्रोब’ने ‘आयपीएमआय_एसआय’ आणि ‘आयपीएमआय_डेव्हइंटफ’ हे दोन मॉड्यूल चढवा आणि ‘/डेव्ह/आयपीएमआय०’ तयार झालं का ते बघा. दुसरं मॉड्यूल लोक हमखास विसरतात. पहिलं चढलेलं असतं, पण ती फाइल हे दुसरंच बनवतं.

आता ‘आयपीएमआयटूल लॅन प्रिंट १’. यातला १ हा चॅनलचा नंबर. बहुतेक यंत्रांवर १ चालतो, पण एचपीईवर बऱ्याचदा २ लागतो आणि काही बोर्डांवर ३ किंवा ८. हा लॅन चॅनल नाही असं उत्तर आलं तर घाबरू नका, पुढचा नंबर टाकून बघा. जे छापून येईल त्याची पहिल्यांदा एक प्रत काढून ठेवा. त्यात ‘आयपी ॲड्रेस सोर्स’ या ओळीत डीएचसीपी (पत्ता नेटवर्ककडून आपोआप मिळणारा) आहे की स्टॅटिक (हाताने दिलेला) ते कळतं, त्याखाली पत्ता, सबनेट मास्क, मॅक ॲड्रेस, डिफॉल्ट गेटवे आणि व्हीलॅन आयडी, म्हणजे त्याच स्विचवर वेगळ्या केलेल्या नेटवर्कचा नंबर. पत्ता ०.०.०.० आणि सोर्स डीएचसीपी असेल तर समजा की बीएमसी पत्ता मागतोय आणि कुणी देत नाहीये. मॅक ॲड्रेस टिपून घ्या आणि स्विचवर शोधा. कुठल्याच पोर्टवर दिसत नसेल तर केबल भलतीकडे आहे, आणि मग पुढचे सगळे आकडे बरोबर टाकूनही उपयोग नाही.

बदल करताना क्रम पाळा. पहिल्यांदा ‘लॅन सेट १ आयपीएसआरसी स्टॅटिक’. नंतर ‘लॅन सेट १ आयपीॲडर’ आणि पत्ता, समजा १९२.१६८.१०.५०. मग ‘लॅन सेट १ नेटमास्क’ आणि मास्क, शेवटी ‘लॅन सेट १ डेफजीडब्ल्यू आयपीॲडर’ आणि गेटवेचा पत्ता. प्रत्येकाच्या आधी अर्थातच ‘आयपीएमआयटूल’. सोर्स डीएचसीपी असतानाच पत्ता द्यायला गेलात तर बरेच कंट्रोलर तो घेत नाहीत, आणि लिहिलेलं व वाचलेलं जुळत नाही असा संदेश येतो. कधी कधी क्रम बरोबर असूनही हा संदेश येतो, कारण बीएमसी सावकाश चालतो. थोडं थांबून परत ‘लॅन प्रिंट १’ करा आणि खरं काय नोंदलं गेलंय ते तिथे वाचा. माझी सवय अशी आहे की प्रत्येक सेटनंतर प्रिंट करायचंच. या यंत्राच्या बाबतीत ‘आज्ञा दिली म्हणजे झालं’ असं मानू नये.

मॅनेजमेंटसाठी वेगळं व्हीलॅन असेल तर ‘लॅन सेट १ व्हीलॅन आयडी २०’ असं द्या, काढायचं झालं तर नंबराच्या जागी ‘ऑफ’. हे सगळे बदल आतून करण्याचा मोठा फायदा असा की चुकीचा पत्ता पडला तरी तुमचं सेशन तुटत नाही. हेच बाहेरून करायला गेलं की पत्ता बदलल्याक्षणी संपर्क जातो आणि मास्क-गेटवे द्यायचे राहून जातात.

एक गोष्ट तपासताना फसवते. बीएमसी स्वतंत्र पोर्टऐवजी सर्व्हरच्या नेहमीच्या नेटवर्क पोर्टातूनच बोलत असेल, म्हणजे शेअर्ड मोडमध्ये असेल, तर त्याच सर्व्हरवरून त्याला पिंग केल्यावर बहुधा उत्तर येत नाही. यजमानाचं पॅकेट त्या पोर्टातून बाहेर जातं, ते मागे वळून बीएमसीकडे येत नाही. म्हणून पिंग नेहमी दुसऱ्या यंत्रावरून करा.

प्रश्न: मी बीएमसीवर तिसऱ्या क्रमांकावर नवा यूजर केला, पासवर्ड दिला. ‘यूजर लिस्ट १’ मध्ये नाव दिसतं. तरी नेटवर्कवरून लॉगिन होत नाही, सेशन उघडता आलं नाही एवढंच येतं. पासवर्ड चार जणांनी तपासलाय.

उत्तर: पासवर्ड बरोबरच असणार. नाव आणि पासवर्ड दिल्याने आयपीएमआयमध्ये यूजर पुरा होत नाही, आणखी दोन गोष्टी लागतात. त्याला त्या चॅनलवर अधिकार द्यावा लागतो आणि त्याला चालू करावं लागतं. पहिल्यासाठी ‘चॅनल सेटॲक्सेस १ ३ कॉलइन=ऑन आयपीएमआय=ऑन लिंक=ऑन प्रिव्हिलेज=४’, दुसऱ्यासाठी ‘यूजर एनेबल ३’. मग ‘चॅनल गेटॲक्सेस १ ३’ करून वाचा. ‘आयपीएमआय मेसेजिंग’च्या समोर एनेबल्ड आणि ‘प्रिव्हिलेज लेव्हल’च्या समोर ॲडमिनिस्ट्रेटर दिसलं पाहिजे. तुमच्याकडे यातलं एक तरी नसेल असं मी पत्रावरूनच सांगते.

अधिकाराची पातळी ४ म्हणजे ॲडमिनिस्ट्रेटर, ३ ऑपरेटर, २ यूजर. नुसतं तापमान आणि पंख्यांचे आकडे गोळा करणाऱ्या मॉनिटरिंगला २ पुरते, त्याला ४ देऊ नका. मात्र इथे एक गाठ बसते: आयपीएमआयटूल जोडणी करताना न सांगता ॲडमिनिस्ट्रेटरचीच पातळी मागतो. खालच्या पातळीच्या यूजरला मग पासवर्ड बरोबर असूनही नकार मिळतो. आज्ञेत कॅपिटल ‘-एल’ लावून पुढे ‘यूजर’ किंवा ‘ऑपरेटर’ लिहिलं की सुटतं.

पासवर्ड बीएमसीत नीट बसलाय का हे नेटवर्कशिवाय तपासता येतं: आतूनच ‘यूजर टेस्ट ३ २०’ चालवा. २० म्हणजे वीस बाइटचा साठा. पासवर्ड १६ बाइटचा म्हणून बसवला असेल तर तिथे १६ लिहा. आयपीएमआय २.० मध्ये पासवर्ड २० बाइटपर्यंतच, आणि १६ च्या वर गेलात तर सेट करतानाही शेवटी २० सांगावं लागतं. पासवर्ड आज्ञेतच लिहू नका, तो शेलच्या हिस्ट्रीत राहतो. ‘यूजर सेट पासवर्ड ३’ एवढंच लिहिलं तर तो विचारून घेतो. बाहेरून जोडताना ‘आयपीएमआय_पासवर्ड’ हा एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल ठेवा, त्याचं नाव सगळं कॅपिटल, आणि आज्ञेत कॅपिटल ‘-ई’ द्या.

जोडणी ‘-आय लॅनप्लस’ने करा, आय कॅपिटल. नुसतं ‘लॅन’ म्हणजे जुनी १.५ आवृत्ती. तरी अडलं तर लहान ‘-व्ही’ लावून बघा. ‘अनऑथराइज्ड नेम’ आलं तर नाव किंवा मागितलेली पातळी चुकतेय, ‘एचमॅक इज इनव्हॅलिड’ आलं तर पासवर्डच. आणि काहीच उत्तर आलं नाही तर आयपीएमआय ओव्हर लॅन बंद असेल किंवा फायरवॉलमध्ये यूडीपी ६२३ अडत असेल. आयड्रॅकवर ही सोय मुळात बंदच असते, डेलच्या रॅकॲडम या साधनाच्या ‘रॅकॲडम सेट आयड्रॅक.आयपीएमआयलॅन.एनेबल १’ने सुरू होते.

प्रश्न: बीएमसीचं वेब पान उघडत नाही, पिंगही नाही. सर्व्हरवर मोठं काम चालू आहे. ‘एमसी रीसेट कोल्ड’ दिला तर सर्व्हर बंद पडेल का?

उत्तर: नाही. ती आज्ञा फक्त बीएमसीला परत सुरू करते, तुमचं काम चालूच राहतं. दोन-चार मिनिटं सेन्सर दिसणार नाहीत, पंखे जोरात फिरू शकतात, कुणी रिमोट कन्सोल उघडून बसलं असेल तर ते तुटेल. शेअर्ड पोर्ट असेल तर नेटवर्कला क्षणभर धक्का बसू शकतो, तेव्हा शक्यतो शांत वेळ निवडा.

पण टाइप करताना दोनदा वाचा. ‘एमसी रीसेट’ हा बीएमसीचा, ‘चॅसी पॉवर रीसेट’ हा सर्व्हरचा. दुसरा डिस्कवर लिहिणं चालू आहे का वगैरे काही बघत नाही. ‘चॅसी पॉवर ऑफ’ही तसाच, थेट वीज तोडल्यासारखा. सभ्यपणे बंद करायचं तर ‘चॅसी पॉवर सॉफ्ट’, तो ऑपरेटिंग सिस्टिमला निरोप देतो. आतूनही बीएमसी उत्तर देत नसेल तर मग सर्व्हर रीतसर बंद करून दोन्ही पॉवर केबल काढून थोड्या वेळाने लावणं एवढंच उरतं.

प्रश्न: ‘सोल ॲक्टिव्हेट’ केलं की जोडणी होते, पण पडदा काळाच. एंटर दाबूनही काही नाही.

उत्तर: सिरियल ओव्हर लॅन, म्हणजेच सोल, नेटवर्कवरून सर्व्हरचा सिरियल कन्सोल दाखवतं; हे माझं या सगळ्यातलं सर्वांत आवडतं साधन. नेटवर्क मेलेलं, एसएसएच बंद, फाइल सिस्टिम बिघडलेली, तरी लॉगिन प्रॉम्प्ट समोर येतो. ते आपोआप मात्र येत नाही. बायोस, बीएमसी आणि ऑपरेटिंग सिस्टिम या तिघांचं एका सिरियल पोर्टवर आणि एका वेगावर एकमत व्हावं लागतं.

बायोसमध्ये कन्सोल रीडायरेक्शन चालू हवं. बीएमसीचा वेग ‘सोल इन्फो १’मध्ये दिसतो, तो ११५.२, म्हणजे सेकंदाला ११५२०० बिट, असू द्या. लिनक्सच्या कर्नलला बूटच्या ओळीत ‘कन्सोल=टीटीवायएस१,११५२००’ सांगा. हे नाव टाइप करताना एस कॅपिटल. पोर्ट काही यंत्रांवर टीटीवायएस० असतो. कर्नलच्या बूट संदेशांत कुठले सिरियल पोर्ट सापडले ते बघून ठरवा. दोन कन्सोल दिले असतील तर शेवटी लिहिलेला मुख्य ठरतो, म्हणून सिरियलचा शेवटी ठेवा. आणि ‘सिरियल-गेटी@टीटीवायएस१’ ही लॉगिन प्रॉम्प्ट देणारी सेवा चालू आहे ना ते सिस्टिमसीटीएलने बघा. तुम्ही बूटचे संदेश येतात की नाही ते लिहिलेलं नाही. ते येत असतील आणि लॉगिनच येत नसेल तर गेटी नाही. बायोस दिसत असेल आणि पुढे काळं होत असेल तर कर्नलची ओळ चुकली. आधीपासून कुणी सेशन धरून बसलंय असं आलं तर ‘सोल डीॲक्टिव्हेट’.

बाहेर पडायला एंटर, मग टिल्ड, मग टिंब. तुम्ही एसएसएचमधून तिथे गेला असाल तर टिल्ड दोनदा, नाहीतर एसएसएचच ते ओळखून स्वतः बंद होतं आणि सोलचं सेशन मागे अडकून राहतं.

प्रश्न: ‘सेल ईलिस्ट’मध्ये सगळ्या नोंदी १९७० च्या दिसतात.

उत्तर: सेल म्हणजे बीएमसीची घटनांची नोंदवही, आणि बीएमसीचं घड्याळ लागलेलं नाही. ‘सेल टाइम सेट नाउ’ द्या आणि ‘सेल टाइम गेट’ने पडताळा. कंट्रोलरमध्ये एनटीपीची सोय असेल तर तीही भरा. जुन्या नोंदींच्या तारखा मात्र दुरुस्त होत नाहीत.

प्रश्न: रात्री-अपरात्री घरून सर्व्हर चालू-बंद करावा लागतो. बीएमसीला पब्लिक आयपी दिला तर चालेल का? पासवर्ड अवघड ठेवला आहे.

उत्तर: नाही. कृपया देऊ नका, आणि दिला असेल तर हे वाचून होताच काढा.

अवघड पासवर्ड इथे का पुरत नाही ते सांगते. आयपीएमआय २.० मध्ये ओळख पटवण्याची जी पद्धत आहे तिचं नाव आरएकेपी. तिच्यात विचारणाऱ्याने नुसतं यूजरचं नाव दिलं की बीएमसी त्या यूजरच्या पासवर्डपासून बनवलेला हॅश, म्हणजे त्याचा गणिती ठसा, पाठवून देतो. समोरच्याने स्वतःची ओळख अजून सिद्धही केलेली नसते. तो हॅश घेऊन हल्लेखोर आपल्या यंत्रावर बसून हवे तितके पासवर्ड ताडून बघू शकतो, तुमच्या लॉगमध्ये काहीही उमटत नाही. सीव्हीई-२०१३-४७८६ या नावाने हे २०१३ पासून नोंदलेलं आहे. चूक एखाद्या कंपनीच्या फर्मवेअरची नाही, स्पेसिफिकेशनचीच आहे, म्हणून अपडेटने ती जात नाही. वर पासवर्डला २० बाइटची मर्यादा.

त्याच सुमारास सायफर झीरोची गोष्टही उजेडात आली. सायफर म्हणजे जोडणीत ओळख कशी पटवायची आणि माहिती कशी झाकायची ते ठरवणारा संच. त्या सायफरवर जोडणी मागितली की पासवर्ड तपासलाच जात नाही, कुठलाही चालतो. आपल्याकडचं बघायचं तर ‘लॅन प्रिंट १’मध्ये ‘सायफर सूट प्रिव्ह मॅक्स’ अशी ओळ असते, तिच्यासमोर पंधरा अक्षरं. पहिलं अक्षर सायफर शून्याचं, ते कॅपिटल एक्स, म्हणजे बंद, असलं पाहिजे. तिथे लहान ए असेल तर कुणालाही ॲडमिनिस्ट्रेटर होता येतं. ‘लॅन सेट १ सायफर_प्रिव्ह्स’ने ते बदला आणि शक्य तिथे सायफर १७ वापरा, त्यात शा-२५६ आहे.

वेब पानावर भरवसा ठेवू नका. एचपीईच्या आयएलओ ४ मध्ये २०१७ साली नोंदलेली त्रुटी अशी होती की एका एचटीटीपी हेडरमध्ये ‘ए’ हे अक्षर २९ वेळा लिहिलं की लॉगिन ओलांडून आत जाता येत होतं. फर्मवेअर आलं, पण ज्यांनी ते टाकलंच नाही त्यांचे कंट्रोलर तसेच राहिले. आणि बीएमसीत शिरलेला माणूस काय करू शकतो बघा: व्हर्च्युअल मीडियाने आपली आयएसओ लावून सर्व्हर तीवरून बूट करू शकतो. तुमचा लिनक्सचा रूट पासवर्ड, एसएसएचच्या किल्ल्या, फायरवॉल, यातलं काहीच तिथे आड येत नाही.

पब्लिक आयपी दिला नाही तरी बीएमसी नकळत उघडा पडण्याचा एक मार्ग आहे, आणि मला त्याचीच जास्त धास्ती वाटते. सुपरमायक्रोच्या अनेक बोर्डांवर लॅन मोड मुळात ‘फेलओव्हर’ असतो. पॉवर येताना स्वतंत्र पोर्टला केबल सापडली नाही की बीएमसी आपणहून पहिल्या नेटवर्क पोर्टावर जातो. तो पोर्ट इंटरनेटला जोडलेला असेल आणि तिथे डीएचसीपी असेल, तर तुम्ही कधी न मागितलेला पत्ता घेऊन बीएमसी जगासमोर उभा राहतो, जुन्या यंत्रावर कारखान्याच्या पासवर्डासकट. आयड्रॅकचे रूट आणि कॅल्विन सगळ्यांना पाठ आहेत. नेटवर्कला जोडलेल्या उपकरणांच्या सुरक्षेबद्दलचा कॅलिफोर्नियाचा कायदा १ जानेवारी २०२० पासून लागू झाल्यानंतर प्रत्येक यंत्राला वेगळा पासवर्ड देण्याची पद्धत रुळली, पण त्याआधीची यंत्रं अजून भरपूर चालू आहेत. म्हणून मोड ‘डेडिकेटेड’ ठरवून टाका.

घरून पोचायचं असेल तर मॅनेजमेंटचं व्हीलॅन वेगळं करा आणि व्हीपीएनने किंवा एका जंप होस्टवरून, म्हणजे मध्ये ठेवलेल्या एका सुरक्षित यंत्रावरून, तिथे या. जंप होस्टवर एसएसएच करून, कॅपिटल ‘-एल’ने पोर्ट ४४३ पुढे पाठवलात तर वेब पान आणि नवा एचटीएमएल५ कन्सोल आरामात चालतो. आयपीएमआय मात्र यूडीपी ६२३ वर चालतं आणि एसएसएचचा टनेल फक्त टीसीपी नेतो, त्यामुळे आयपीएमआयटूल जंप होस्टवरच बसवा आणि तिथूनच चालवा. सर्व्हर दुसऱ्या कुणाकडून वापरून आला असेल तर ‘यूजर लिस्ट १’ पहिल्या दिवशी बघा. आतून रूट असणाऱ्या कुणीही तिथे ॲडमिनिस्ट्रेटर करून ठेवलेला असू शकतो, आणि ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने टाकली तरी तो जात नाही.

प्रश्न: आता रेडफिश आलंय, मग आयपीएमआयटूल शिकण्यात वेळ घालवावा का?

उत्तर: दोन्ही शिका, ओझं फार नाही. रेडफिश हे डीएमटीएफ संस्थेचं २०१५ मध्ये आलेलं मानक. एचटीटीपीएसवर जेसन, म्हणजे कर्ल येत असेल तर आजच सुरू करता येतं. ‘/रेडफिश/व्ही१/’ हा मूळ पत्ता लॉगिनशिवाय उत्तर देतो, तो वाचून पुढचे दुवे सापडत जातात. बीएमसीचं सर्टिफिकेट बहुधा स्वतःच सही केलेलं असतं, तेवढ्यापुरतं कर्लला लहान ‘-के’ द्या, पुढे स्वतःचं सर्टिफिकेट चढवा. शंभर सर्व्हरांचं काम स्क्रिप्टने करायचं तर रेडफिश नि:संशय बरं. पण पत्ताच माहीत नसलेल्या सर्व्हरवर पहिली बसवणी करायला मी आजही आयपीएमआयटूलच उचलते. सगळं रेडफिशवर आणलंत की ‘लॅन सेट १ ॲक्सेस ऑफ’ने नेटवर्कवरचं आयपीएमआय बंद करा आणि दुसऱ्या यंत्रावरून ६२३ खरोखर गप्प झालाय का ते तपासा. आतला केसीएसचा मार्ग त्यानंतरही चालू राहतो.